आईनं सांगितलेला आकडा

आमच्या गावात सगळ्यांचं वार्षिक उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार आहे. चाळीस एकर ओलिताची जमीन असणाऱ्याचं अठ्ठेचाळीस हजार आणि त्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईचंही अठ्ठेचाळीस हजार. विषमता मोजायला लोक कुठून कुठून येतात. तहसीलच्या कागदावर बघितलं तर आमच्याकडं समता येऊन बरेच दिवस झाले.

गावाचं नाव लिहीत नाही. आमची माणसं मानवतच्या बाजाराला जातात, एवढं पुरे.

याची रीत अशी. दर मंगळवारी तलाठी ग्रामपंचायतीच्या खोलीत बसतो. फी माफ करायची, शिष्यवृत्ती घ्यायची, काहीही करायचं म्हटलं की उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठी विचारतो, "किती टाकू?" समोरचा म्हणतो, "न्हेमीचं टाका." नेहमीचं म्हणजे किती, हे दोघांनाही पाठ असतं. तलाठ्याची बदली झाली की नवा आलेला दोन-तीन हजारांनी आकडा वाढवतो. गावाची आर्थिक प्रगती म्हणतात ती एवढीच.

या रीतीत माझ्या आईनं एकदा खोडा घातला. घालायला मी शिकवलं होतं.

मी परभणीत मजूर बायांच्या एका लहान संघटनेचं काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहायची, छापून आणायची आणि वाटायची. पत्रक एका पानाचं असावं, पाठकोरं असावं. पाठकोरं असलं की लोक फेकत नाहीत, लेकरं मागं गणितं सोडवतात. पत्रकात मागणी असावी, विनंती नसावी. हे सगळं मला दोन वर्षांत अंगवळणी पडलं होतं आणि घरी बोलतानाही मी मागणीच करायचे. वडील वारल्यापासून घरात आम्ही तिघीच. आई शाळेत खिचडी शिजवते आणि उरलेल्या दिवसात रोजानं जाते. धाकटी बहीण तेव्हा बारावी होऊन बसलेली.

त्या पावसाळ्यात बहिणीचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. आमच्या घराण्यात हे पहिलंच. फी शिष्यवृत्तीतून जाणार होती, पण त्यासाठी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. ठरलेल्या बुधवारपर्यंत दाखला दिला नाही तर पूर्ण फी भरायची, आणि फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला. पूर्ण फी आमच्याकडं नव्हती. याच्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

त्या बुधवारच्या दहा दिवस आधी, रविवारी, गावात एक सर आले होते. कुठल्याशा संस्थेकडून बचत गटाच्या बायांना समग्र आर्थिक नियोजन शिकवायला. विहारातल्या भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांनी एक त्रिकोण दाखवला. त्रिकोणाच्या तळाला आणीबाणीची शिल्लक, तिच्यावर विमा, त्याच्यावर बचत, आणि टोकाला गुंतवणूक.

"सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी आणीबाणीची रक्कम प्रत्येक कुटुंबानं वेगळी ठेवावी," सर म्हणाले.

आमच्या शेजारची काकू म्हणाली, "सर, आमचं बाराई म्हैने आनीबानीच हाय. त्यातलं सा म्हैन्याचं येगळं कसं काढावं?"

सर हसले. मनमोकळा माणूस होता, उगाच खोटं कशाला लिहू. मग त्यांनी मानवी भांडवल समजावलं. आपलं आरोग्य, आपलं शिक्षण, आपल्या हातातलं कसब हे आपलं भांडवल आहे, त्यात गुंतवणूक करा.

आई मागं बसली होती. ती म्हणाली, "भांडवल आमचं हाय तर याज कुनाला जायलंय?"

"खूप छान प्रश्न," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं.

शेवटी त्यांनी एकेक कागद वाटला, कुटुंबाचा आर्थिक आराखडा. त्यात प्रत्येक माणसाच्या नावापुढं उत्पन्न लिहायचं होतं, आणि खाली बारीक अक्षरात सूचना होती की घरकामासाठी शून्य लिहावे. इथं मी उठले. माझ्या पिशवीत आमचं पत्रक होतंच: 'बाईच्या कामाची किंमत शून्य कोणी ठरवली?' मी ते वाटलं आणि सरांना म्हटलं की हा शून्य आम्हाला मान्य नाही. सर म्हणाले, मॅडम, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण माझी पाचची गाडी आहे. ते पिंगळी स्टेशनवर गाडी धरायला गेले आणि आम्ही बाया विहारातच बसून राहिलो.

आम्ही मोजलं. स्वयंपाक किती वेळ, पाणी किती खेपा, धुणं, भांडी, दळण, झाडलोट, शेळ्यांचं. दर कुठला लावायचा यावर थोडी चर्चा झाली. मी म्हटलं, शहरातला. परभणीत स्वयंपाकाला बाई लावली तर जे द्यावं लागतं ते. गावचा दर लावला तर बाईची किंमत परत गावच ठरवणार. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं, म्हणून मी ते दोनदा म्हटलं.

कुणाचं किती आलं यावरून बायांची चढाओढ लागली. शेजारच्या काकूचं सगळ्यांत जास्त निघालं, कारण तिच्या घरी नऊ माणसं.

"एवढं कमावते मी," ती कागद बघत म्हणाली, "अन् काल ह्यांनी तंबाखूच्या पुडीवरून माझ्याशी भांडन केलं."

"मंग आज जाऊन पगार माग," दुसरी म्हणाली.

"पगार मागितला तर म्हनतील, कामावरून काढलं. तेवढंच सुटंन मी."

आईचा आकडा निघाला दोन लाख त्र्याहत्तर हजार. त्यात रोजाचे पैसे, शाळेचं मानधन, घरकाम, आणि संघटनेकडून मला मिळतात ते थोडे. मी तो कागदाच्या तळाला मोठ्या अक्षरात लिहिला. आईला अक्षरं लावून लावून वाचता येतं, आकडे मात्र झटकन येतात. तिनं तो बराच वेळ बघितला. मग तिनं कागदाची घडी केली आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली. आमच्या घरात त्या पिशवीच्या वरची जागा नाही.

"आता कुणीही उत्पन्न विचारलं," मी सगळ्या बायांना म्हटलं, "की हाच आकडा सांगायचा."

मंगळवारी मी मानवतला होते. कापसाच्या जिनिंगवर काम करणाऱ्या बायांना प्यायला पाणी मिळावं म्हणून बैठका होत्या, तीन दिवस तिकडंच गेले. दाखल्याचं आईनंच बघायचं ठरलं होतं. त्यात बघण्यासारखं काय होतं? तलाठी विचारणार किती टाकू, आई म्हणणार नेहमीचं.

गुरुवारी दुपारी बहिणीनं दाखल्याचा फोटो पाठवला. सोबत एक अक्षर नाही. मी बैठकीत होते. मी अंगठा पाठवला. चहाच्या वेळेला फोटो मोठा करून बघितला तेव्हा आकडा दिसला. दोन लाख त्र्याहत्तर हजार. शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या तेवीस हजार वर.

अंगठा परत घेता येतो, पण तोवर तिनं तो बघितला होता.

घरी आले तर बहीण दारातच बसलेली. काय झालं ते तिनंच सांगितलं, कारण ती आईसोबत गेली होती.

"तलाठी म्हनला, मावशी, न्हेमीचं टाकू ना? माय म्हनली, न्हाई, खरं टाका. अन् पिशवीतून कागद काढला. वरून तुझं पत्रक बी दिलं."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"मी म्हनले, माय, न्हेमीचं म्हन. तर मलाच म्हनली, अक्कानं सांगितलंय. तू गप ऱ्हा."

मी म्हटलं की हे दाखल्यासाठी नव्हतं, तो वेगळा मुद्दा होता, धोरणाचा.

"अक्का," बहीण म्हणाली, "तुला धोरन पायजे, मला शीट पायजे. बुधवारपर्यंत दोन्हीतलं एक तरी आन."

शुक्रवारी मी तलाठ्याला गाठलं. त्या दिवशी तो पोखर्णीच्या बाजूच्या गावात बसतो. स्पर्धा परीक्षा देऊन लागलेला, माझ्याच वयाचा मुलगा. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. रस्त्यानं चार वाक्यंही जुळवून ठेवली होती.

"तुमचं पत्रक वाचलं मी," तो म्हणाला. "पटलं मला. परीक्षेला अर्थशास्त्र वाचताना मला बी वाटायचं, घरकाम मोजत न्हाईत हे चूकच हाय."

"मग दाखल्यात कशाला टाकलं?"

"मावशीनं लेखी दिलं, सही केली. मी दोनदा इचारलं. खरं टाका म्हननारं मानूस मला नोकरीत पैल्यांदाच भेटलं, मॅडम. त्याला न्हाई कसं म्हनू?"

माझी चारही वाक्यं वाया गेली. सरकारी माणसाला पत्रक पटलं तर पुढं काय करायचं, हे आम्हाला संघटनेच्या शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

त्यानं उपाय सांगितला. आईनं लेखी द्यायचं की आधी सांगितलेला आकडा चुकीचा होता. मग तो सुधारित अहवाल देईल आणि तहसीलमधून नवा दाखला निघेल. साधं काम. मी घरी येऊन अर्ज लिहिला: मी सांगितलेली रक्कम चुकीची असून घरकामापासून मला कोणतेही उत्पन्न नाही, तरी ती रद्द समजावी. खाली सहीला जागा ठेवली आणि आईला वाचून दाखवला.

"चुकीची कशी?" आई म्हणाली.

"माय, लिहिण्यापुरतं."

"तू मोजलंस. मी मोजलं. काकूनं तपासलं. चुकलं कुटं ते दाखव."

"चुकलं नाही. पण चुकलं असं लिहायचंय."

"मंग तू लिही तुझ्या नावानं. माझ्या नावानं न्हाई."

शनिवारचा अख्खा दिवस यात गेला. मी तिला सगळ्या बाजूंनी समजावलं. म्हटलं, चाळीस एकरवाला अठ्ठेचाळीस हजारांचा दाखला घेतो आणि त्याच्या पोराला फीची सवलत मिळते, तो खोटं लिहितो, आपण तर मागं घ्यायलोत नुसतं. आई म्हणाली, त्याचं त्यानं बघावं. बहीण तिच्याशी बोलत नव्हती, माझ्याशी तर नव्हतीच.

मग आई एकदाच सलग बोलली. ती शेंगा फोडत होती, तिनं वर बघितलं नाही. "तुझा बाप चांगला होता. पर तू दिवसभर काय करतीस, असं जिंदगीत एकदा बी इचारलं न्हाई त्यानं. त्या तलाठी पोरानं इचारलं. मी कागद दिला, त्यानं वाचला, लिहून घेतला. आता त्याच्यापुढं जाऊन म्हनू का, गंमत केली म्हून?"

मी अर्जाची घडी केली आणि तिच्यासोबत शेंगा फोडायला बसले.

रविवारी बहिणीनं सकाळपासून घरातलं सगळं काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाणी भरलं, भाकरी केल्या, धुणं धुतलं, शेळ्या बांधल्या. आईला तिनं कशालाच हात लावू दिला नाही. दुपारी ती आईच्या समोर येऊन बसली आणि तिनं हात पसरला.

"एक दिवसाचे दे. शहराच्या दरानं."

आईला हसू आलं. "देते की. नर्स झाल्यावर माझी दवा तूच करनार हाईस ना, त्यात कापून घे."

"म्हंजी फुकट करू का दवा?"

"लेकीनं मायची दवा करायला पैसे घ्यावं का?"

"तूच म्हनतीस फुकट काय नसतं. अन् नर्स कशानं होऊ, माय? बुधवारी दाखला न्हाई, तर मी हेच करनार. पानी, धुनं, शेळ्या. जलमभर. मंग मोजत बस माझं बी, अक्काला घेऊन."

आईचं हसू गेलं. ती उठून बाहेर गेली, शेळीच्या खुंट्याशी उभी राहिली. शेळीला काही झालेलं नव्हतं. थोड्या वेळानं परत आली आणि मला म्हणाली, "कागद घे. मी सांगते तेवढंच लिही. तुझं काय घालू नगंस."

तिनं सांगितलं आणि मी लिहिलं: काम केलं ते खरं. आकडा खरा. त्यातल्या घरकामाचे पैसे मला कुणी दिले नाहीत. म्हणून ते उत्पन्नात धरू नयेत.

तिनं तो मला दोनदा वाचायला लावला, मग सही केली.

सोमवारी आम्ही तिघी तहसीलला गेलो. खिडकीतल्या बाईनं अर्ज वाचला. तिनंही तो दोनदा वाचला.

"दुरुस्तीचं कारण लिहा, मावशी. नजरचुकीने लिहा. सगळे नजरचुकीनेच लिहितात."

"माझी नजर चांगली हाय," आई म्हणाली.

"अहो, तशी पद्धत आहे."

"आसंल. मी चुकले न्हाई."

बाईनं माझ्याकडं बघितलं. शिकलेली मुलगी समजूत घालील, अशा आशेनं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. मग ती कागद घेऊन आत साहेबांकडं गेली आणि साहेबांनी आम्हालाच आत बोलावलं.

"यात तुमची मागणी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"मागनी न्हाई, साहेब," आई म्हणाली. "खुलासा हाय."

साहेबांनी कपाळ चोळलं. बाहेर रांग होती. त्यांनी अर्जावर काहीतरी गिरवलं, शिक्का मारायला सांगितला आणि तलाठ्याचा सुधारित अहवाल आजच मागवा म्हणाले. मी व्हरांड्यात येऊन तलाठ्याला फोन लावला.

"किती टाकू?" त्यानं विचारलं.

मी हिशेब करून ठेवला होता. आईच्या हातात खरोखर पडलेले पैसे, रोजाचे आणि शाळेचे, वर माझे. मी तो आकडा सांगितला. तो अठ्ठेचाळीस हजारांपेक्षा बराच जास्त होता, पण मर्यादेच्या पुष्कळ आत होता.

"टाकतो," तो म्हणाला. "पर एक सांगतो. गेल्या वर्षी तुमचं अठ्ठेचाळीस हाय. मधी दोन त्र्याहत्तर झालं, आता हे तिसरंच. इतकं वरखाली झालं की चौकशी लागती. पंचनामा, जबाब. पंधरा दिवस धरा. अठ्ठेचाळीसच ठिवलं तर गेल्या वर्षीसारखंच, कुनी इचारत न्हाई. उद्या मिळंन."

बहीण माझ्याकडं बघत होती. आई लांब पाण्याच्या टाकीजवळ उभी होती, तिला ऐकू जात नव्हतं.

"नेहमीचं टाका," मी म्हणाले.

मंगळवारी दाखला निघाला. बुधवारी सकाळच्या गाडीनं मी आणि बहीण नांदेडला गेलो. कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसानं दाखला उलटा धरून शिक्का बघितला, सरळ करून तारीख बघितली आणि फाईलला लावला. आकडा त्यानं वाचलाच नाही. रांगेत आमच्या पुढच्यांपैकी कुणाची गाडी बाहेर उभी होती, कुणाचा बाप पांढऱ्या कपड्यात होता. सगळ्यांच्या दाखल्यावर साधारण तेच असणार. बहिणीची जागा राहिली. परतीच्या गाडीत ती माझ्याशी बोलली. काय बोलली तर, "अक्का, त्यांनी पांढरे बूट आनायला सांगितलेत. तुझ्या संघटनेत कुनाकडं जुने हाईत का बग."

आईनं दाखल्यावर किती आलं ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी रोजाचं बी पुरतं धरलं न्हाई." मी म्हटलं, नाही. तिनं दाखल्याची झेरॉक्स ठेवली नाही. स्वतःच्या अर्जाची, शिक्का असलेली, तेवढी तिनं मागून घेतली.

पुढच्या महिन्यात संघटनेनं ते पत्रक पुन्हा छापायचं ठरवलं. मजकूर तोच ठेवला. मी तळाला एक ओळ घातली: 'टीप: घरकामाचा आकडा तलाठ्याला सांगू नये.' अनुभवातून शिकलं पाहिजे, असं आमच्यात म्हणतात. गठ्ठा घरी आणून ठेवला तेव्हा आईनं एक कागद उचलून वाचायला घेतला. वरचं तिला पाठ होतं. खालच्या ओळीला ती थांबली, अक्षरं लावत गेली.

"हे कामून लिहिलंस?"

"तुझ्यासारखं परत कुणाचं होऊ नये म्हणून."

"एकटीनं सांगितलं म्हून अडलं. समद्या गावानं सांगितलं तर कुना-कुनाचा दाखला अडवतील? अन् त्या चाळीस एकरवाल्याला बी मंग आकडा सांगावा लागंल."

"तसं होत नसतं, माय."

"होतं का न्हाई ते तुला काय म्हाईत? तू न्हेमीचं टाका म्हनून आलीस. तलाठी बोलला मला."

ते तिला कळलंय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी फक्त म्हणाले की आता छापून झालंय, हजार प्रती आहेत.

तिनं कात्री मागितली. मग आम्ही दोघी कापत बसलो, प्रत्येक कागदाची खालची पट्टी. हजार कागदांना तीन दुपारी गेल्या. आईनं त्यासाठी रोज बुडवला नाही. ती शाळेची खिचडी उरकून शेतात जायच्या आधी तासभर यायची, कापायची, आणि पट्ट्या चुलीसाठी बाजूला ठेवायची.